एक साथ, एक घर, दोन मते

१. प्रश्न कोठून निघतो

साथीच्या रोगाविषयी वैद्यकशास्त्राला पडणारे प्रश्न एका प्रकारचे असतात आणि सामान्य गृहस्थाला अथवा गृहिणीला पडणारे अगदी दुसऱ्या प्रकारचे. विषाणू कोठून आला, त्याची घडण कशी, तो पेशीत शिरतो कसा, याची जिज्ञासा थोड्यांनाच असते; परंतु २०२० च्या मार्चपासून पुढची दोन वर्षे महाराष्ट्रातल्या घरोघरी, कधी जेवणाच्या पानावर, कधी उंबऱ्यात चपला काढता काढता, तर कधी रात्री उशिरा भावाबहिणींच्या फोनवर जो प्रश्न पुन्हा पुन्हा निघाला तो असा, की आम्ही सारी एकाच घरात वाढलेली, एकच वर्तमानपत्र वाचणारी, सारखीच शहाणीसुरती माणसे असताना चुलतभावाच्या लग्नाला जाणे मला धोक्याचे का वाटावे आणि त्याला का वाटू नये?

या प्रश्नाचे जे उत्तर लोक सहजी देतात ते स्वभावाचे असते: ती मुळातच भित्री, तो पहिल्यापासूनच बेफिकीर. उत्तर सोपे आहे, पण अनुभवाला उतरत नाही. जो गृहस्थ नाकाखाली मास्क ओढून खुशाल भाजीबाजारात हिंडत असे, तोच लस टोचून घेण्यासाठी पहाटे अंधारात केंद्रापुढे रांग धरी. आणि जी बाई महिनोन्‌महिने जिना उतरली नाही, ती लसीचे नाव काढताच हात आखडून घेई. भित्रेपणा हाच जर मूळ गुण असता तर तो दोन्ही ठिकाणी सारखा दिसला असता. तेव्हा स्वभावाचा मामला तूर्त बाजूला ठेवून, प्रत्येक माणूस निर्णय घेताना मनाशी कोणता हिशेब मांडतो आणि त्या हिशेबात कोणत्या रकमा धरतो अथवा सोडतो, हे एकेक करून पाहू.

२. धोका ही एक रक्कम नव्हे

‘धोका आहे की नाही?’ असे आपण विचारतो तेव्हा त्या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न असतात: रोग लागण्याचा संभव किती, आणि लागलाच तर हानी किती. ह्या दोन रकमांचा गुणाकार म्हणजे धोका. पहिली रक्कम घरातल्या सगळ्यांची जवळजवळ सारखी असू शकते, कारण एका छपराखाली राहणारी माणसे एकच हवा घेतात. दुसरीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर असते.

लस येण्यापूर्वीच्या काळात अनेक देशांचे आकडे एकत्र करून जे अंदाज काढण्यात आले त्यांवरून असे दिसते, की कोविडची लागण झालेल्या पंचविशीतल्या दहा हजारांपैकी सुमारे १ माणूस दगावे, पंचावन्न वर्षांच्या एक हजारांपैकी सुमारे ४, आणि पंचाहत्तरीच्या एक हजारांपैकी सुमारे ४५. आता एकच घर घ्या, ज्यात पंचाहत्तर वर्षांचे आजोबा, पंचावन्न वर्षांचे वडील आणि पंचवीस वर्षांचा नातू आहे. नातवाच्या मानाने वडिलांचा धोका चाळीसपट, आणि आजोबांचा साडेचारशेपट! नातू म्हणतो, “माझ्या वयाच्या कोणाला काही होत नाही.” वडील म्हणतात, “घरातले माणूस जाईल.” दोघेही वस्तुस्थितीच सांगत असतात, पण नातू आपला आकडा सांगतो आणि वडील आजोबांचा. मधुमेह, रक्तदाब, दमा यांनी हे आकडे आणखी खालीवर होतात, हे वेगळेच.

अशा भांडणात “तू खोटे बोलतोस” म्हणण्यापेक्षा “तू कोणाचा धोका मोजतो आहेस?” असे विचारणे अधिक फलदायी, कारण नातवाला लागलेला रोग नातवापाशी थांबत नाही, आणि नेमकी हीच रक्कम त्याच्या हिशेबातून सुटलेली असते.

३. दुधाची पिशवी आणि बंद खोली

आता पहिल्या रकमेकडे, म्हणजे रोग लागण्याच्या संभवाकडे येऊ.

२०२० च्या एप्रिलमधले एखादे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. सकाळी साडेसहाला दुधाच्या पिशव्या येतात. सूनबाई त्या चिमट्यात धरून मोरीत ठेवते, साबणाचा फेस करून एकेक पिशवी दोन्ही अंगांनी चोळते, नळाखाली धरते आणि मग पातेल्यात रिकामी करते. भाजी बादलीत सोडा घातलेल्या पाण्यात घटकाभर बुडून असते. वर्तमानपत्र तर काही काळ घरात येणेच थांबलेले. इतके सारे झाल्यावर दुपारी शेजारचे दोन गृहस्थ येतात, दिवाणखान्याच्या खिडक्या उन्हासाठी लावून घेतल्या जातात, आणि पत्त्यांचा डाव संध्याकाळपर्यंत रंगतो. मास्क टीपॉयवर पडलेले असतात, कारण ‘घरातलीच माणसे’. या घरात सावधगिरीची कमतरता नव्हती. उलट, श्रम फार होते. पण ते जेथे धोका थोडा तेथे खर्ची पडले आणि जेथे मोठा तेथे कोणी पाहिलेही नाही.

असे का झाले, हे समजण्यासाठी उदबत्तीचा धूर आठवावा. देवघराच्या बंद खोलीत एक उदबत्ती लावली तर पाच मिनिटांत कोपरान्‌कोपरा भरून जातो, आणि धूर दिसेनासा झाला तरी वास मागे रेंगाळतो. तीच उदबत्ती अंगणात लावली तर चार हातांवर उभ्या असलेल्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. बोलताना, गाताना, खोकताना आणि नुसता श्वास सोडताना सुद्धा माणसाच्या तोंडातून जे अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात, त्यांपैकी जड ते खाली बसतात, पण हलके ते या धुरासारखेच तरंगत राहतात. कोविड मुख्यतः ह्या वाटेने पसरतो ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यात पुरती स्पष्ट व्हायला २०२१ चा एप्रिल उजाडला, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही जाहीर केले, की विषाणू लागलेल्या वस्तूला एकदा हात लागल्याने रोग होण्याचा संभव साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे.

तोवर वर्ष उलटून गेले होते. सूनबाईंचे पिशव्या धुणे हा मूर्खपणा नव्हता. त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून तो रास्त निर्णय होता. तथापि माहिती बदलल्यावरही ज्या घरांत पिशव्या धुतल्या जात राहिल्या आणि खिडक्या बंदच राहिल्या, त्या घरांत वाद ‘काळजी घ्यावी की न घ्यावी’ असा होत राहिला, वस्तुतः तो ‘कोणती काळजी घ्यावी’ असा व्हायला हवा होता.

४. “इतके दिवस हिंडतो आहे, काय झाले?”

हा युक्तिवाद ऐकला नाही असे घर विरळा. त्याला उत्तर देता येत नाही म्हणून समोरचा माणूस चिडतो, आणि चिडला म्हणून त्याचे म्हणणे आणखीच लंगडे दिसते. वास्तविक थोडेसे गणित पुरे होते.

समजा, गर्दीच्या ठिकाणी एकदा जाऊन येण्यात रोग लागण्याचा संभव शंभरात एक आहे. शंभर माणसे एकेकदा जाऊन आली तर नव्व्याण्णव सुखरूप परततात, आणि ते नव्व्याण्णवही जण शपथेवर साक्ष देतील, की जाण्यात काही धोका नाही. आता हीच शंभर माणसे पन्नास पन्नास वेळा जाऊ लागली तर? प्रत्येक खेपेला वाचण्याचा संभव ०.९९, पन्नास खेपांत सतत वाचण्याचा संभव म्हणजे ०.९९ हा आकडा पन्नास वेळा घेऊन गुणत गेल्यावर येणारी रक्कम. ती येते ०.६० च्या आसपास. म्हणजे सुमारे चाळीस माणसांना रोग गाठतो आणि साठ जण पन्नास खेपांनंतरही धडधाकट राहतात. त्या साठांचा स्वानुभव खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा. चाळीसांची साक्ष चव्हाट्यावर ऐकू येत नाही, कारण त्यांपैकी बरेच जण घरात पडून असतात आणि काही बोलण्याच्या पलीकडे गेलेले असतात.

५. थोडक्याने फरक पडतो तो असा

स्वतःपुरता हिशेब येथवर झाला. ‘ही माझी वैयक्तिक बाब आहे’ हे वाक्य कोठवर चालते, ते आता पाहायचे.

एक रोगी सरासरीने पुढे किती जणांना रोग देतो, यावर साथीची गती ठरते. हा आकडा १.३ असेल तर १०० रोग्यांपासून पुढल्या फेरीत १३०, त्यांच्यापासून १६९, असे वाढत वाढत दहाव्या फेरीला सुमारे १,३८० नवे रोगी होतात. हाच आकडा ०.९ वर आणला तर १०० चे ९०, ९० चे ८१, आणि दहाव्या फेरीला अवघे ३५ उरतात. दोन्ही आकड्यांतले अंतर पाहा: माणशी अर्ध्याहून कमी. कोणी एक बैठक टाळली, कोणी खिडकी उघडली, कोणी बसमध्ये मास्क नाकावर ठेवला, एवढ्यानेच ते भरून येते. पण असे करणाऱ्याला त्याचे फळ डोळ्यांनी कधीच दिसत नाही, कारण जो रोगी झाला नाही त्याचा चेहरा दाखवता येत नाही. सार्वजनिक आरोग्याचे सर्वांत मोठे यश हे असे अदृश्य असते, आणि म्हणूनच घरच्या वादात त्याची बाजू नेहमी पडती राहते.

लग्नांचेच घ्या. महाराष्ट्र सरकारने २१ एप्रिल २०२१ रोजी काढलेल्या हुकमानुसार लग्नाला पंचवीसच माणसे, समारंभ दोन तासांत आटोपता, आणि मोडेल त्याला पन्नास हजार रुपये दंड, असा बंदोबस्त झाला. “पंचवीस आले तर रोग येत नाही आणि सव्विसावा घेऊन येतो काय?” हा प्रश्न तेव्हा घरोघरी निघाला, आणि तो रास्त होता. उत्तर असे. गावात दर दोनशे माणसांमागे एक जण, स्वतःलाही न कळता, रोग वाहतो आहे असे समजू. मग पंचवीस पाहुण्यांत असा निदान एक तरी असण्याचा संभव शंभरात १२. तीनशे पाहुण्यांत तोच संभव शंभरात ७८. पंचविसाच्या जागी तीस असते तर आभाळ कोसळले नसते, हे कबूल. मर्यादा कोठेतरी आखावी लागते, आणि कोठेही आखली तरी रेषेलगतच्या माणसाला ती अन्यायाचीच वाटणार. परंतु रेघ मनमानी असली तरी तिच्यामागचा कल मनमानी नव्हे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हा भेद समजावून सांगणारा कोणी भेटला असता तर कितीतरी रुसवे टळले असते.

६. १८९७ चा दाखला

साथीतले मतभेद केवळ गणिताने मिटत नाहीत, याचा फार मोठा आणि फार दुःखद दाखला आपल्याच प्रांतात घडलेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याकडच्या वैद्याने गाठीच्या तापाचे रोगी पाहून ‘हा प्लेग’ असे निदान केले. पुढल्या वर्षी ४ फेब्रुवारीला सरकारने अवघ्या चार कलमांचा साथीच्या रोगांचा कायदा मंजूर केला. हाच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात पुन्हा अंमलात आणला गेला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग कमिटीने १८९७ च्या मार्चपासून घरझडत्यांचे काम गोऱ्या सोजिरांकडे दिले. सोजीर माजघरात आणि देवघरात शिरत, बायकांच्या काखा तपासत, सामान रस्त्यावर काढून जाळत, संशयित माणसाला दवाखान्यात आणि घरच्यांना क्वारंटीनच्या छावणीत नेत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यांच्याबरोबरचे लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलैला मरण पावले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत.

पहिली ज्ञानाची. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिन यांनी शोधलेला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे सरकारलाही ठाऊक नव्हते. म्हणून घरे कार्बोलिकने धुतली जात, जमिनी उकरल्या जात, कपडे जाळले जात. इकडे लोकांचा अनुभव साधा होता: घरात उंदीर पडू लागले की गाठ येणार, तेव्हा घर सोडून माळावर झोपड्या घालाव्यात. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे माळावर जाऊन राहणाऱ्या अडाणी म्हटल्या गेलेल्या रयतेचे निरीक्षण या एका बाबतीत दप्तरी शास्त्राच्या पुढे होते. उलट, ‘दवाखान्यात नेतात ते मारायलाच’ ही त्याच रयतेची समजूत निराधार होती आणि तिने पुष्कळांचा घात केला. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला तो ह्याच समजुतीच्या पोटी. एकाच माणसाचे एक मत बरोबर आणि दुसरे चूक असू शकते. तेव्हा समोरच्याला एकदा अडाणी ठरवून त्याचे सगळेच म्हणणे नामंजूर करणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय तोट्याचेही आहे.

दुसरी गोष्ट विश्वासाची, आणि मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. रोग्याला वेगळे ठेवणे हा उपाय मुळात चुकीचा नव्हता. त्याच पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले आणि जे लोक सरकारी दवाखान्याच्या नावाने थरथर कापत ते तेथे रोगी नेऊ लागले. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तो रोग त्यांनाच जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कोणत्याही कलमाने त्यांच्यावर ही सक्ती केलेली नव्हती. आपल्या जिवाचा धोका स्वखुशीने पत्करून इतरांचा कमी करणे, हीदेखील साथीतली वैयक्तिक निवडच, आणि ‘वैयक्तिक निवड’ हे शब्द आपण ऐकतो तेव्हा ह्या निवडीची आठवण आपल्याला सहसा होत नाही.

लसीचेही तसेच झाले. हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लोक बिचकत होते. तेव्हा विशीतल्या आगाखानांनी चारचौघांदेखत लस टोचून घेतली, आणि त्यांच्या खोजा अनुयायांनी मोठ्या संख्येने त्यांचे अनुकरण केले. जे काम फर्मानाने झाले नसते ते ओळखीच्या माणसाच्या उघड्या दंडाने केले. परंतु १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी टोचून घेतलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली, हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि तो दूर व्हायला १९०७ उजाडले. एका बाटलीतल्या दोषाने केलेली हानी त्या गावापुरती राहिली नाही. लसीविषयीचा संशय गावोगाव पोचला. विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि जायला एक दुपार पुरते, हे आरोग्यखात्याच्या प्रत्येक माणसाने ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

या पार्श्वभूमीवर २०२० ची आषाढी आठवते. शेकडो वर्षांची पायी वारी थांबवायची, ही काही लहान गोष्ट नव्हती. पण सरकारने पालखी सोहळ्याच्या संस्थानांशी बोलून मार्ग काढला, संतांच्या पादुका एसटीने पंढरपुरास नेण्यात आल्या, आणि वारकऱ्यांनी घरी राहून एकादशी केली. त्याच वर्षी लालबागच्या गणेशोत्सव मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचे शिबिर भरवले. ज्या समाजाने १८९७ मध्ये झडतीला विरोध केला त्याच समाजाने हा त्याग केला, कारण या खेपेस त्याला विचारले गेले होते.

७. सावधगिरीची किंमत कोण देतो

आतापर्यंत रोगाच्या धोक्याचाच हिशेब केला; सावधगिरीलाही खर्च असतो, आणि तो सर्वांना सारखा पडत नाही. माझ्या मते घरगुती वादांत सर्वाधिक अन्याय ह्या ठिकाणी झाला.

मोठ्या शहरातल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे फाटक घ्या. घरकाम करणारी बाई सात वाजता येते. वॉचमन तिच्या मनगटावर तापमापक यंत्र रोखतो, वहीत नाव लिहून घेतो, हातांवर सॅनिटायझर ओततो आणि लिफ्टकडे वळलेल्या तिला जिना दाखवतो. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्यांचे पाहुणे मोटारीतून येतात आणि वॉचमन सलाम करून फाटक उघडतो. विषाणूला मोटारीचा मुलाहिजा नसतो. टाळेबंदीत पुष्कळ संस्थांनी अशा बायकांना महिनोन्‌महिने फाटकातच अडवले. काही घरांनी घरबसल्या पगार दिला, अनेकांनी दिला नाही. घरात बसून संगणकावर काम करणाऱ्या कुटुंबाला ‘दोन महिने कोणाला आत घेऊ नये’ हा निर्णय भांडी घासण्याच्या कष्टापुरता महाग. तिला मात्र तो घरभाड्याइतका आणि मुलांच्या शिध्याइतका महाग. एखाद्या धोक्यापासून रक्षण माझे आणि त्याची किंमत तिने द्यायची, हा सौदा न्याय्य नव्हे. ज्यांनी पगार चालू ठेवून तिला घरी थांबवले त्यांची सावधगिरी पुरी, बाकीच्यांची अर्धी.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर धारावीत दिसले. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रोगी सापडला, तेव्हा ‘रोग्याने वेगळ्या खोलीत राहावे’ हा छापील सल्ला निरुपयोगी होता. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहत असतील आणि संडास सार्वजनिक असेल तर वेगळी खोली आणायची कोठून? महापालिकेने मग शाळा, सभागृहे आणि क्रीडासंकुले ताब्यात घेऊन तेथे विलगीकरणाची आणि जेवणाखाणाची तजवीज केली, आणि ताप तपासणारी पथके दारोदार पाठवली. माणूस सल्ला पाळत नाही तेव्हा त्याला तो पटलेला नाही, असेच आपण धरून चालतो; त्याला तो परवडत नाही, ही शक्यता आधी तपासावी.

८. काल एक, आज दुसरे

सल्ला बदलत गेला, ह्याने फार मने दुखावली. सर्वसामान्य निरोगी माणसाने मास्क लावावा असे जागतिक आरोग्य संघटना ५ जून २०२० पर्यंत म्हणत नव्हती. मुंबई महापालिकेने मात्र ८ एप्रिललाच तो सक्तीचा केला होता. कोव्हिशिल्ड लसीच्या दोन डोसांमधले अंतर आरंभी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, आणि १३ मे २०२१ पासून बारा ते सोळा असे झाले. आईच्या दुसऱ्या डोसची तारीख वहीत लिहून ठेवलेल्या मुलाला केंद्रावरून परत पाठवण्यात आले तेव्हा “ह्यांनाच काही कळत नाही” असे तो म्हणाला, तर त्याला दोष कसा द्यावा?

येथे दोन प्रकारचे बदल वेगळे केले पाहिजेत. नवा पुरावा आला म्हणून सल्ला बदलणे हे शास्त्राचे लक्षणच आहे. पिसूचा शोध लागल्यावर जमिनी उकरणे थांबले ते याच न्यायाने. साठा अपुरा म्हणून सल्ला बदलणे हीही कधी कधी प्राप्त गोष्ट असते, पण मग तसे स्पष्ट सांगावे लागते. एका कारणासाठी केलेला बदल दुसऱ्या कारणाच्या नावावर खपवला जातो आहे असा संशय जरी आला, तरी पुढला खरा सल्लाही लोक ऐकेनासे होतात. मे २०२१ मध्ये लसीची टंचाई सर्वांनाच दिसत होती, आणि अंतर वाढवण्याला शास्त्रीय आधारही होता. या दोहोंची कैफियत एकत्र आणि उघडपणे मांडली गेली असती तर घरोघरचा निम्मा वाद उद्भवलाच नसता.

९. ज्याच्यासाठी एवढे चालले त्याचे मत

शेवटी एका अशा माणसाकडे वळतो ज्याच्या नावाने बहुतेक सारी भांडणे झाली आणि ज्याला क्वचितच काही विचारले गेले: घरातला वृद्ध माणूस. आजोबांच्या जिवासाठी नातवाने हिंडू नये, आजीला त्रास नको म्हणून लेकीने माहेरी येऊ नये, असे निर्णय दोन पिढ्या आपसांत घेत, आणि ज्याचे आयुष्य पणाला लागले आहे तो पलीकडच्या खोलीत बसून असे.

एक उदाहरण घेऊ. ऐंशी वर्षांच्या आजी, पुण्यात, लेक नाशिकला. दोन वर्षे भेट नाही. लेकीचे म्हणणे, जपून आले तर काय बिघडले. मुलाचे म्हणणे, आईच्या वयाला एवढाही धोका नको. दोघेही आईच्याच हिताचे बोलत आहेत, पण दोघांनीही ‘हित’ म्हणजे आयुष्याची लांबी धरली. आजींचा हिशेब वेगळा असू शकतो: उरलेल्या थोड्या वर्षांतली दोन लेकीवाचून जाणे, ही हानी त्यांच्या वहीत कोठे लिहायची? आपल्या जिवाचा धोका पत्करण्याचा अधिकार सज्ञान माणसाला असतो, आणि वय वाढल्याने तो कमी होत नाही. मात्र आजींच्या खोलीत त्यांच्या दम्याच्या रोगी भावजय राहत असतील तर प्रश्न पुन्हा बदलतो, कारण मग दुसऱ्याचा धोका पत्करण्याचा अधिकार त्यांना उरत नाही.

महाराष्ट्रातले सारे निर्बंध गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. हुकूम गेले म्हणून विषाणू गेला नाही. दर वर्षी सर्दीतापाच्या दिवसांत तो इतर रोगांबरोबर फेरी मारतोच. आता फाटकावर कोणी थांबवत नाही. त्यामुळे नाशिकच्या लेकीला निघण्यापूर्वी घसा खवखवू लागला तर तिने भावाला न विचारता थेट आईलाच फोन करावा, काय होते आहे ते न लपवता सांगावे, आणि आठ दिवस थांबायचे, की व्हरांड्यात मास्क लावून तासभर बसायचे, की तसेच यायचे, हे आईला आणि त्या दम्याच्या मामींना ठरवू द्यावे.